शेवटच्या पानापर्यंत जगणारी नायिका: ऐतिहासिक कादंबऱ्या आणि प्रेमकथा

जास्वंद

दिवाळीच्या सुट्टीत लेकीला घेऊन थेऊरला गेले होते. चिंतामणीचं दर्शन झालं आणि मग आम्ही नदीच्या बाजूला उतरलो. तिथं थोरल्या माधवरावांची समाधी आहे, रमाबाईंचं स्मारक आहे. मी जरा वेळ नुसती उभी राहिले. लेकीनं विचारलं, "आई, रडतेयस का?" रडत नव्हते, पण घसा दाटून आला होता. तेराव्या वर्षी वाईला मावशीच्या माडीवर पालथं पडून मी 'स्वामी' वाचली होती. शेवटच्या पानांना आले तेव्हा मावशी जेवायला हाका मारून थकली. खाली गेले तर डोळे सुजलेले. मावशीनं काही विचारलं नाही, ताटात वरणभात वाढला आणि म्हणाली, "आम्ही पण असंच वाचलं होतं."

परतीच्या वाटेवर लेकीला रमाबाईंची गोष्ट सांगितली. मग ओघानं 'राऊ'मधली मस्तानी आली, झाशीची राणी आली. हडपसरच्या गर्दीत गाडी अडकली होती, तेव्हा ती म्हणाली, "तुझ्या आवडीच्या सगळ्या बायका शेवटी मरतात गं."

पंधरा वर्षांची आहे. खोचकपणे नाही बोलली, तिला तसं दिसलं म्हणून बोलली. मला मात्र ते वाक्य महिनाभर सोडत नाहीये.

रमाबाई १८ नोव्हेंबर १७७२ ला सती गेल्या, तो इतिहास आहे. बाजीराव २८ एप्रिल १७४० ला रावेरखेडीला गेले आणि मस्तानीही त्याच वर्षी गेली, हाही इतिहासच. कादंबरीकारानं यांना मारलेलं नाही. पण शेकडो बायकांमधून कोणाची कादंबरी लिहायची आणि शेवटचं पान कुठं थांबवायचं, हे तर लेखकच ठरवतो ना?

आता माझं दुसरं कपाट उघडते. पुण्यात कॉलेजला असताना आमच्या गल्लीत भाड्यानं पुस्तकं देणारं दुकान होतं. तिथं मला जॉर्जेट हेयर सापडली. नेपोलियनच्या काळातलं इंग्लंड, नाच, बग्ग्या, वारसाहक्काची भांडणं. हॉस्टेलवर आम्ही ती पुस्तकं वर्तमानपत्राचं कव्हर घालून वाचायचो, कारण 'प्रेमकथा वाचते' म्हटलं की समोरच्याच्या नजरेत आपली पत घसरायची. याचं मला आज वाईट वाटतं. लपवण्यासारखं त्यांत काहीही नव्हतं. हेयरनं पहिली गोष्ट रचली ती रक्ताच्या आजारानं अंथरुणाला खिळलेल्या धाकट्या भावाला रिझवायला. तीच पुढं १९२१ साली तिची पहिली कादंबरी म्हणून छापली गेली. १९५० ची 'द ग्रँड सोफी' तर मी किती वेळा वाचली असेल! सोफी आत्याच्या घरी उतरते ती माकड, पोपट, शिकारी कुत्री आणि घोडा घेऊन. वडील परदेशी वकिलातीत, त्यामुळं पोरगी लढाईच्या छावण्यांच्या आसपास वाढलेली. ती आतेभावंडांची लग्नं मार्गी लावते, सावकाराच्या दारात एकटी जाऊन उभी राहते, घरच्या कर्त्या पुरुषाला तोंडावर सांगते की तू चुकतोयस. त्याला ती आवडायला लागते तीही याच स्वभावामुळं. आणि शेवटच्या पानावर सोफी धडधाकट असते, हसत असते. हे वाचून पुस्तक मिटताना छातीत जी ऊब वाटते, ती मला मराठी ऐतिहासिक कादंबरीतही हवी आहे. आपली माणसं, आपले वाडे, आपली भाषा, आणि विचार करणारी, प्रेम करणारी, चुका करणारी नायिका, जी पुस्तक संपल्यावरही जगत राहील.

अशी कोण कोण तुम्हाला भेटली आहे? कादंबरी सांगा, किंवा जिच्यावर कादंबरी वाचायला आवडेल अशी बाई सांगा. आणि प्रेमकथा वाचत असाल तर तेही मोकळेपणानं लिहा.

—

चाफेकळी

जास्वंदताई, वाईच्या माडीशी थेट पोहोचले. आमच्याकडे 'स्वामी' माझ्या आजीच्या ट्रंकेत नऊवारींच्या घड्यांखाली असायची. दूरदर्शनवर मालिका लागली तेव्हा आजी रमाबाईंच्या भूमिकेतल्या मृणाल देवला पडद्यावर बघून हात जोडायची.

आणि हो, मी प्रेमकथा वाचते. दोन मुलं, बँकेतली नोकरी, रोज दीड तास लोकल. त्या दीड तासात मी दुसऱ्या शतकात असते.

—

करवीरकर

लेकीला सांगा, आमच्या कोल्हापूरला या. ८६ वर्षं जगलेली नायिका दाखवतो.

ताराबाई. जन्म १६७५, हंबीरराव मोहित्यांची लेक. २ मार्च १७०० ला सिंहगडावर राजाराम महाराज गेले तेव्हा या बाईचं वय पंचविशीच्या आसपास, पदरात लहान मूल, आणि समोर खुद्द औरंगजेब दख्खनेत तळ ठोकून बसलेला. पुढची सात वर्षं तिनं ते युद्ध चालवलं. बादशहा एकेक किल्ला घ्यायचा, यांच्या फौजा माळव्यात आणि गुजरातेत घुसायच्या, आणि त्याची पाठ वळली की किल्ले परत घ्यायच्या. मोगलांकडचा इतिहासकार खाफीखान शत्रुपक्षाचा, तरी तिच्या कर्तबगारीचं कौतुक त्यानं लिहून ठेवलंय. १७०७ मध्ये औरंगजेब अहमदनगरला मेला. ती होतीच.

बहुतेक पुस्तकं इथं संपतात. माझं म्हणणं असं, की कादंबरी इथून सुरू व्हायला हवी. पुतण्या शाहू सुटून आला, घरातच गादीचा झगडा सुरू झाला. १७१४ ला तिच्या सवतीनं, राजसबाईनं, पन्हाळ्यावर सत्ता पालटली आणि हिला कैदेत टाकलं. वर्षानुवर्षं कैद. पुढं साताऱ्याला शाहूकडं नजरेखाली. शाहू १७४९ ला गेला, तेव्हा म्हातारीनं आपला नातू म्हणून रामराजाला गादीवर आणलं, आणि तो पेशव्याविरुद्ध जाईना म्हटल्यावर १७५० मध्ये त्यालाच साताऱ्याच्या किल्ल्यात कोंडलं! त्या वेळी वय पंचाहत्तर. नानासाहेब पेशव्याला तिच्याशी समझोता करावा लागला, दोघांनी जेजुरीला खंडोबासमोर शपथ घेतली. ती गेली डिसेंबर १७६१ मध्ये. म्हणजे पानिपतही तिनं ऐकलं.

शिवाजी महाराजांची सून ते पानिपतानंतरचा हिवाळा, एका आयुष्यात. यापेक्षा मोठी कादंबरी कुठली पाहिजे?

—

जास्वंद

करवीरकर दादा, अंगावर काटा आला. कैदेतली वर्षं आजवर कुणी मला अशी सांगितलीच नव्हती. तलवारवाली ताराराणी पुतळ्यात बघितली होती, पन्हाळ्यावर दिवस मोजणारी मध्यमवयीन ताराबाई नाही. त्या दोन सवती, एकमेकींना पुरत्या ओळखणाऱ्या, एकाच नवऱ्याच्या विधवा. त्यांच्यातला एक प्रसंग तरी वाचायला मिळाला पाहिजे.

—

बखरीचं पान

वय ७४, म्हणून जरा स्पष्ट लिहितो, रागावू नये.

रमाबाईंना 'शेवटी मरणारी' एवढ्यावर मोजू नका. आजच्या घरात बसून १७७२ च्या मुलीचा निर्णय तोलणं मला अन्यायाचं वाटतं. 'स्वामी' १९६२ ला आली तेव्हा मी लहान होतो, पुढं शाळेत असताना वाचली. पुरुषवाचक म्हणून सांगतो, त्या पुस्तकानं आमच्या पिढीतल्या मुलांना बायकोशी मायेनं बोलायला शिकवलं. राज्याच्या विवंचनेत असलेला पेशवा संध्याकाळी बायकोपाशी मन मोकळं करतो, हे आम्ही घरात कधी बघितलं नव्हतं. वडील आईशी फक्त कामापुरतं बोलायचे. रमा त्या कादंबरीत ऐकते, समजून घेते, रुसते, हसते. ती दुबळी नाही.

पण तुमच्या प्रश्नाला उत्तरही देतो. त्याच घरात बघा, गोपिकाबाई. नानासाहेबांची पत्नी, माधवरावांची आई. विश्वासराव पानिपतावर गेला, माधवराव क्षयानं गेला, नारायणरावाचा ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात खून झाला. तिन्ही मुलं गेली आणि आई मागं राहिली. माधवरावाशी तिचं पटलं नाही, ती नाशिकजवळ गंगापूरला जाऊन राहिली. आणि नातू सवाई माधवरावानं सल्ला मागितला तेव्हा त्याला वागावं कसं याचे नियम लिहून पाठवले, अगदी दिनचर्येपासून. तिची करडी पत्रं वाचली की वाटतं, हिच्यावर माया करणं अवघड आणि हिला विसरणं त्याहून अवघड. अशी नायिका मला आवडेल.

—

जास्वंद

काका, रागावू कशाला? तुमच्या वडिलांबद्दलचं वाक्य दोनदा वाचलं. रमाबाईंवरचं माझं प्रेम तसूभर कमी झालेलं नाही, म्हणून तर थेऊरला पाय थबकले. मला एवढंच वाटतं की तेरा वर्षांच्या मुलीच्या हातात 'स्वामी' द्यावी, आणि तिच्याच शेजारी दुसरं एखादं पुस्तकही ठेवावं. मला त्या वयात दुसरं मिळालं नाही. प्रेम म्हणजे मागोमाग जाणं, हे मी फार वर्षं खरं मानलं. लग्नानंतरसुद्धा. त्यातून बाहेर यायला वेळ लागला.

—

सिंहस्थ

ताई, तुमच्या लेकीसाठी पुस्तक: ना. सं. इनामदारांची 'शिकस्त'.

पार्वतीबाई, सदाशिवरावभाऊंची पत्नी. ती पानिपतावर नवऱ्याबरोबर होती. १४ जानेवारी १७६१ च्या त्या भयंकर दिवसातून जिवंत परत आली. भाऊ गेले हे तिनं मान्य केलं नाही, वैधव्य पत्करलं नाही. घरात, पुण्यात, सगळीकडं लोक सांगतायत भाऊ गेले, आणि ही कुंकू पुसत नाही. मग भाऊ म्हणवणारा तोतया उभा राहिला, नाना फडणविसांच्या कारभारात त्याची चौकशी झाली, १७७६ मध्ये त्याला देहदंड झाला. त्या सगळ्या काळात ही बाई काय सोसत असेल!

'राऊ' सगळ्यांनी वाचलेली असते, २०१५ च्या सिनेमामुळं तर जास्तच. 'शिकस्त' तितकी हातोहात जात नाही याची मला खंत आहे. मागोमाग न जाणारी, वाट बघणारी. आणि ते वाट बघणं गप्प बसून नाही, घरच्यांच्या विरोधात रोज उभं राहून.

—

चाफेकळी

+१ 'शिकस्त'ला. मी ती बाळंतपणात वाचली आणि आई ओरडली, "आता हे असलं वाचू नये." पण मला त्या बाईनं बळ दिलं.

अवांतर: पुण्यातल्या केळकर संग्रहालयात मस्तानी महाल आहे, कोथरूडहून आणून पुन्हा उभा केलेला. तिथं कधी दुपारी गर्दी नसताना जा. रंगवलेल्या लाकडाकडं बघताना मस्तानीचं मरण मनात येत नाही, तिचे साधे दिवस येतात. ती सकाळी काय करत असेल, मुलाला, समशेरबहाद्दरला, काय बोलत असेल. मस्तानीची अशी कादंबरी कुणी लिहील का, ज्यात नुसते दिवस असतील?

—

नर्मदाकाठ

इंदूरहून लिहितोय. आमचं घर चार पिढ्या इथलं, मराठी आमची थोडी माळवी झालीये, सांभाळून घ्या.

अहिल्याबाईंचं नाव अजून कसं नाही आलं? १७५४ ला कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव गेले. ती सती निघाली होती, सासऱ्यानं, मल्हाररावांनी, अडवलं. पुढं त्याच सासऱ्यानं तिला कारभार शिकवला. १७६५ चं त्यांचं एक पत्र प्रसिद्ध आहे, त्यात ते सुनेला तोफखाना घेऊन ग्वाल्हेरीकडं जायला सांगतात, दारूगोळ्याची व्यवस्था करायला सांगतात. सासरा सुनेला तोफांबद्दल लिहितोय! मला यात जेवढी माया दिसते तेवढी हजार लाडिक वाक्यांत दिसत नाही.

लोकांना अहिल्याबाई हातात शिवपिंड घेतलेली माहीत. महेश्वरला घाटावर बसलं की दुसरी दिसते. तिनं जाहीर केलं होतं म्हणतात, की मुलखातल्या लुटारूंचा बंदोबस्त करील त्याला माझी मुलगी देईन. यशवंतराव फणश्यानं तो केला, मुक्ताबाईचं त्याच्याशी लग्न झालं. बघा, इथं प्रेमकथा सुरू होऊ शकते. पण १७९१ मध्ये यशवंतराव गेला आणि मुक्ताबाई सती निघाली. आईनं विनवण्या केल्या. मुलीनं ऐकलं नाही. ब्रिटिश अधिकारी जॉन माल्कमनं पुढं माळव्यात लोकांकडून ऐकून लिहून ठेवलंय, की चिता पेटल्यावर आईला दोघांनी धरून ठेवावं लागलं, नंतर तिनं तीन दिवस अन्न घेतलं नाही.

जिला सासऱ्यानं वाचवलं, तिला आपली लेक वाचवता आली नाही. आणि त्यानंतरही ती चार वर्षं रोज दरबारात बसली. जास्वंदताई, तुम्ही जगणारी नायिका मागितलीत. जगणं हे असंही असतं.

विनया खडपेकरांचं 'ज्ञात-अज्ञात अहिल्याबाई होळकर' जरूर वाचा. चरित्र आहे, कादंबरी नाही, तरी मी ते रात्रभर खाली ठेवलं नव्हतं.

—

जास्वंद

काल रात्री हे लेकीला मोठ्यानं वाचून दाखवलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मुक्ताबाईनं आईचं ऐकायला हवं होतं." मी तिला जवळ घेतलं.

—

हडसनपार

न्यू यॉर्कजवळ राहते, बारा वर्षं झाली. इकडं ऐतिहासिक प्रेमकथांना पुस्तकाच्या दुकानांत अख्खी कपाटं असतात, आणि बायका उघडपणे, अभिमानानं विकत घेतात. मला सुरुवातीला नवल वाटायचं.

माझी नायिका डॉ. आनंदीबाई जोशी. श्री. ज. जोशींची 'आनंदी गोपाळ' मी शाळेत असताना वाचली, १९६८ ची कादंबरी. ती मनापासून आवडली, पण मोठी झाल्यावर पुन्हा वाचली तेव्हा लक्षात आलं की मी सगळा वेळ गोपाळरावांकडंच बघत होते. त्यांचा हट्ट, त्यांचा संताप, त्यांचं वेड. ते पात्र इतकं जोरकस आहे की आनंदी त्यांच्या सावलीत दिसते. मग अंजली कीर्तन्यांचं संशोधनपर चरित्र वाचलं आणि आनंदी स्वतः समोर आली: पत्रं लिहिणारी, मतं असणारी, थंडीत कुडकुडत अभ्यास करणारी. ११ मार्च १८८६ ला ती फिलाडेल्फियाला डॉक्टर झाली. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेली, बावीसही पूर्ण नव्हती.

तिची रक्षा इकडं पोकीप्सीच्या दफनभूमीत आहे. कार्पेंटर कुटुंबानं तिला लेकीसारखं ठेवलं होतं, त्यांच्याच जागेत तिला जागा दिली. मी दोनदा गेलेय. दुसऱ्या वेळी गरोदर होते. दगडावर तिचं नाव इंग्रजीत वाचताना ओठांवर मात्र आपोआप मराठीत आलं, "आनंदीबाई, मी आलेय."

तीसुद्धा मरते, माहीत आहे ताई. पण तुमच्या लेकीला सांगा, काही जणी मरतात तेव्हा त्यांनी उघडलेलं दार बंद होत नाही.

—

वकीलीण

मुंबईत कौटुंबिक न्यायालयात काम करते. मी नाव घेते ते रखमाबाईंचं, आणि घेतलं की माझा आवाज चढतो.

जन्म १८६४. अकराव्या वर्षी दादाजी भिकाजीशी लग्न. ती सासरी नांदायला गेली नाही. सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन पाठीशी होते. १८८४ ला दादाजीनं मुंबईत दावा लावला. न्यायमूर्ती पिन्हे यांनी १८८५ मध्ये तिच्या बाजूनं निकाल दिला, अपिलात तो फिरला, आणि १८८७ च्या मार्चमध्ये हुकूम झाला: नवऱ्याकडं जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. तिनं सांगितलं, तुरुंगात जाईन. बाविशीतली मुलगी! 'एक हिंदू स्त्री' या सहीनं ती टाइम्समध्ये बालविवाहावर पत्रं लिहीत होती, ती वेगळीच. १८८८ ला दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. पुढच्या वर्षी ती विलायतेला गेली, लंडनच्या बायकांच्या वैद्यकीय शाळेत शिकली, परत येऊन सुरतेत, राजकोटला डॉक्टर म्हणून काम केलं. १९५५ पर्यंत जगली. नव्वदी पार केली.

जास्वंदताई, ही घ्या तुमची शेवटच्या पानापर्यंत जगणारी. मोहिनी वर्दे यांचं 'डॉ. रखमाबाई : एक आर्त' मी दर काही वर्षांनी वाचते.

आणि एक गोष्ट जी माझ्या डोक्यातून जात नाही. दादाजी वारल्यावर रखमाबाईंनी विधवेसारखी पांढरी साडी नेसायला सुरुवात केली, असं तिच्या चरित्रांत येतं. ज्याच्याकडं जाण्यापेक्षा तिनं तुरुंग पत्करला असता, त्याच्यासाठी! का? हे इतिहासकाराला विचारून कळणार नाही, कादंबरीकारच त्या कपाटाशी उभ्या राहिलेल्या बाईच्या मनात शिरू शकतो. माझ्या अशिलांमध्ये मी हे बघते. कागदावर सुटलेल्या बायका मनानं लगेच सुटत नाहीत.

—

बखरीचं पान

वकीलीणबाई, उत्तम लिहिलंत. पांढऱ्या साडीवर रात्री मंडळींशी चर्चा झाली. ही म्हणाली, "समाजाला दाखवायला नेसली नसेल, तिला काहीतरी संपलं असं वाटलं असेल." चाळीस वर्षांच्या संसारात आम्ही पहिल्यांदाच एका पुस्तकावर तासभर बोललो.

—

सिंहस्थ

हेयरबद्दल राहिलं. बहिणीच्या शिफारशीनं 'द ग्रँड सोफी' वाचली होती. सोफी मलाही आवडली, पण सावकाराच्या प्रसंगात ज्यू माणसाचं चित्र फार हीन रंगवलंय, तिथं मन विटलं. महायुद्धानंतर पाचच वर्षांनी लिहिलेलं, हे विशेष खटकतं. आवडत्या पुस्तकाबद्दल हेही सांगायला हवं.

तिचीच १९३७ ची 'ॲन इन्फेमस आर्मी' मला उजवी वाटली. ब्रसेल्समध्ये १५ जून १८१५ ला नाच चाललाय, आणि तिथूनच अधिकारी लढाईला निघतात. तीन दिवसांनी वॉटर्लू. नायिका बार्बरा बेफिकीर, लोकांना दुखावणारी. मग जखमी सैनिकांच्या गाड्या शहरात यायला लागतात आणि ही रेशमी झग्यातली बाई रस्त्यावर उतरून त्यांची शुश्रूषा करते. नायक हात गमावून परत येतो, ती त्याला सोडत नाही. रणांगणाचं वर्णनही इतकं नेटकं की लष्करी वाचक नावाजतात. पानिपतावर बरोबर गेलेल्या बायकांबद्दल असं कुणी लिहावं, असं तेव्हापासून वाटतंय.

—

जास्वंद

सिंहस्थ, सावकाराबद्दल अगदी बरोबर बोललात. विशीत वाचताना ते माझ्या नजरेतून निसटलं होतं, नंतर कळलं तेव्हा लाज वाटली. लेकीला सोफी देईन तेव्हा तो प्रसंग बरोबर बसून वाचू.

'शिकस्त' तिनं परवा सुरू केली. ऐंशीव्या पानावर आहे, जेवायला हाका माराव्या लागतायत. मी पहिल्या हाकेला काही म्हणत नाही.

करवीरकर दादा, एक विचारायचं होतं. ताराबाईंची समाधी साताऱ्याजवळ संगम माहुलीला आहे ना? वाईला मावशीकडं जाणार आहोत पुढच्या महिन्यात, तिथून जवळच पडेल.

—

करवीरकर

हो ताई, कृष्णा आणि वेण्णेच्या संगमावर. आजूबाजूला देवळं आहेत, घाट आहेत. समाधीची पडझड झालेली आहे, मोठं काही बघायला मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका. गावात कुणालाही विचारा, दाखवतील. पाणी कमी असलं की खालपर्यंत उतरता येतं. लेकीला पुढं चालू द्या.